परक्या गाण्यांचा धनी

१७ ऑगस्ट १९६९. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाबाहेरच्या कुरणावर वुडस्टॉक संगीत महोत्सवासाठी चार लाखांच्या आसपास माणसं जमली आहेत. भर दुपारी मंचावर पंचवीस वर्षांचा एक इंग्रज येतो. अंगात बांधणीसारखा रंगवलेला सदरा, विस्कटलेले केस, गालांवर दाट कल्ले. तो गाऊ लागतो आणि हात त्याच्या ताब्यात राहत नाहीत. बोटं हवेतच पियानो वाजवतात, नसलेल्या गिटारच्या तारा छेडतात. त्याचं गाणं संपल्यावर त्या कुरणावर वादळी पाऊस कोसळला. मायकेल वॉडलीच्या 'वुडस्टॉक' या १९७० च्या माहितीपटाने ही काही मिनिटं जगभर पोचवली आणि जो कॉकर कायमचा त्या सदऱ्यात अडकला.

त्याला तिथून सोडवण्याचा मनापासून प्रयत्न केला तो ब्रिटिश दिग्दर्शक जॉन एजिंटन यांनी. त्यांचा 'जो कॉकर: मॅड डॉग विथ सोल' हा माहितीपट २०१७ साली आला, कॉकरच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. पिंक फ्लॉइडच्या सिड बॅरेटवरचा माहितीपटही एजिंटन यांचाच. प्रसिद्धीच्या लाटेत घुसमटलेली माणसं हा त्यांचा विषय असावा, असं दोन्ही चित्रपटांकडे पाहून वाटतं.

त्या हातांविषयी पाश्चात्त्य प्रेक्षकांना फार प्रश्न पडले. कुणाला तो आजारी वाटला, कुणाला नशेत. १९७६ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर नट जॉन बेलुशी त्याच्या शेजारी उभा राहून त्याची नक्कल करत गायला. कॉकरचं स्वतःचं स्पष्टीकरण साधं होतं: पियानो किंवा गिटार वाजवता येत नाही, त्याची तगमग हातांतून बाहेर पडते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भीमसेन जोशींना पाहिलेल्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तान घेताना अख्खं शरीर गाण्याच्या मागे जातं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

जॉन रॉबर्ट कॉकरचा जन्म २० मे १९४४ चा. गाव शेफील्ड, पोलादाचं आणि चाकू-सुऱ्यांचं. क्रुक्स या चढावरच्या वस्तीत त्याचं घर. शाळा सुटल्यावर तो गॅस कंपनीत फिटरचं काम शिकू लागला आणि संध्याकाळी पबमध्ये गाऊ लागला. मनात सतत रे चार्ल्स. 'व्हान्स अर्नोल्ड' या टोपणनावाने तो बँडसोबत गायचा. १९६४ मध्ये डेका कंपनीने त्याच्याकडून बीटल्सचं एक गाणं गाऊन घेतलं. ते कुणी विकत घेतलं नाही.

चार वर्षांनी पुन्हा बीटल्सचंच गाणं, आणि या वेळी इतिहास घडला. 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' हे मूळ गाणं १९६७ चं. रिंगो स्टारच्या साध्यासुध्या आवाजातलं, चार मात्रांच्या ठेक्यात खुशीत चालणारं. कॉकरने त्याची लय उतरवली आणि चाल सहा मात्रांवर नेली. आपल्या भाषेत सांगायचं तर केरव्याचं गाणं त्याने दादऱ्यात घातलं. सुरुवातीला टॉमी आयरचा चर्चमधल्यासारखा ऑर्गन, मग बी. जे. विल्सनचे ड्रम्स, जिमी पेजची गिटार. कीर्तनात टाळकरी धृपद उचलून धरतात तशा मागच्या गायिका ओळ उचलतात, आणि त्यांच्या अंगावरून कॉकरची ती किंकाळी जाते. मूळ गाण्यातली मैत्रीची गंमत इथे मदतीची याचना होते. शब्द जवळपास तेच. नोव्हेंबर १९६८ मध्ये हे गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. कॉकर गेला तेव्हा पॉल मॅकार्टनी यांनी या गाण्याचं सोनं केल्याबद्दल त्याचे जाहीर आभार मानले.

कॉकरचं मोठेपण नेमकं इथे आहे, आणि तिकडच्या समीक्षेने ते पुरतं ओळखलं नाही. बीटल्स आणि डिलननंतर रॉक गायकाने स्वतःचं गाणं स्वतः लिहावं अशी अपेक्षा रूढ झाली. दुसऱ्याचं गाणारा दुय्यम ठरू लागला. आपल्याकडे सदारंगाची बंदिश गाणाऱ्याला 'यात तुमचं काय?' असं कुणी विचारत नाही. त्याचं काय, हे बढतीत दिसतं. एजिंटन यांच्या माहितीपटात रँडी न्यूमन, जिमी वेब असे गीतकार बोलतात, म्हणजे ज्यांची गाणी त्याने गायली ती माणसं साक्षीला येतात.

१९७० ची अमेरिकेची सफर मात्र त्याला मोडून गेली. तो विश्रांतीच्या विचारात होता, पण दौरा आधीच ठरला होता. पियानोवादक लिऑन रसेलने काही दिवसांत तीसहून अधिक वादक-गायकांचा ताफा उभा केला. नाव 'मॅड डॉग्ज अँड इंग्लिशमेन', नोएल कॉवर्डच्या गाण्यावरून घेतलेलं. उष्ण मुलखातल्या भर उन्हात हिंडणाऱ्या इंग्रजांची त्या गाण्यात थट्टा आहे. ४८ शहरं झाली. कॅमेरे सोबत होतेच, १९७१ मध्ये त्याचाही चित्रपट निघाला. पडद्यावर जल्लोष दिसतो. त्यानंतर कॉकर थकून शेफील्डला आईवडिलांच्या घरी परतला, हे त्यात दिसत नाही. पुढची काही वर्षं दारूची आणि अमली पदार्थांची. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियाने गांजाच्या प्रकरणात त्याला देशाबाहेर काढलं.

१९८२ मध्ये जेनिफर वॉर्न्ससोबतचं 'अप व्हेअर वी बिलाँग' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, त्याला ऑस्करही मिळालं. १९८७ मध्ये पॅमशी लग्न, मग कोलोरॅडोतल्या क्रॉफर्ड या छोट्या गावाजवळ घर. भाऊ व्हिक आणि पॅम यांच्या आठवणी हा एजिंटन यांच्या चित्रपटाचा सर्वांत मऊ भाग आहे. २२ डिसेंबर २०१४ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने कॉकर गेला, वयाच्या सत्तराव्या वर्षी. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला सामावून घेतलं ते २०२५ मध्ये.

सप्टेंबर २०१५ मध्ये व्हर्जिनियात टेडेशी ट्रक्स बँडने 'मॅड डॉग्ज'चा तो जुना ताफा पुन्हा गोळा केला. रसेल आला, रीटा कूलिज आली, शेफील्डपासूनचा सोबती ख्रिस स्टेन्टन आला. त्यावरचा जेसी लॉटर यांचा माहितीपट २०२१ चा. त्यात कॉकरची गाणी सुझन टेडेशी गाते, आणि मागे पांढऱ्या दाढीचा रसेल पियानोवर बसलेला आहे.