घरी बांधलेला कॅटमरान

घराच्या आवारात समुद्रात जाणारा कॅटमरान, म्हणजे दोन अंगांची होडी, बांधण्याचं वेड रूढ केलं ते इंग्लंडच्या जेम्स व्हॅरम यांनी. साडेतेवीस फुटी ‘टांगारोआ’ स्वतः बांधून ते १९५५-५६ मध्ये दोन सहकारी महिलांसह अटलांटिक पार करून त्रिनिदादला पोहोचले. पुढे त्यांनी हौशी लोकांसाठी आराखडे विकायला सुरुवात केली. त्यांच्या ‘टिकी २१’ आराखड्याच्या २१ फुटी होडीने तर पृथ्वीप्रदक्षिणाही केली आहे.

या आराखड्यांतल्या अनेक होड्यांची रीत सोपी : मरीन प्लायवूडचे तुकडे कडेला भोकं पाडून तारेने टाचायचे, सांध्यात इपॉक्सीची लुकण भरायची, वरून काचतंतूचं कापड चढवायचं. दोन्ही अंगं जोडणारे आडवे वासे दोरीने आवळतात, बोल्टने नव्हे. त्यामुळे लाटेत सांधा थोडा हलतो, पण तुटत नाही. इपॉक्सी खोल डब्यात कालवून ठेवलं तर तापून धुरावतं, म्हणून ते लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावं. मास्क-हातमोजे हवेतच.

सुतारकाम, घासकाम, रंग घरी जमतं. शिडं, डोलकाठीचे ताण आणि इंजिनाची जोडणी मात्र जाणकाराकडूनच करून घ्यावी. आणि पहिली फळी कापण्याआधी फाटकाची रुंदी मोजावी.