शिट्टीकडे वळलेले बोट

शिवनेरीच्या सावलीत, जिथे बैलगाडा शर्यतीच्या घाटात प्रत्येक बारीचा फैसला घड्याळाच्या सेकंदांवर होतो, त्या जुन्नर-आंबेगावच्या मुलखात वाढलेल्या मला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल सामने पाहताना विशेष मोह पडतो तो गोलापेक्षाही फ्री किकपूर्वीच्या त्या अर्ध्या मिनिटाचा. फाउल होताच चेंडू स्थिर ठेवून तत्काळ किक मारण्याची मुभा आक्रमक संघाला असते. परंतु त्याने अंतराची मागणी केली, की पंच शिट्टीकडे बोट दाखवतो आणि मग तिच्या हुकुमावाचून किक घेता येत नाही. बचावपटूंची भिंत चेंडूपासून 9.15 मीटर, म्हणजे 10 यार्ड, मागे नेताना पंच पाठमोरा न होता तिरका चालतो, एक नजर चेंडूवर व दुसरी भिंतीतल्या कोपरांवर. कारण त्याची पाठ वळताच चेंडू हातभर पुढे सरकतो, हे तो पुरते जाणून असतो. 2014 च्या ब्राझीलमधील विश्वचषकात गवतावर उमटून विरणाऱ्या फेसाने हा बंदोबस्त सोपा केला. 2019 पासून तीन वा अधिक बचावपटूंच्या भिंतीपासून आक्रमकांनाही किमान 1 मीटर दूर राहावे लागते, आणि ही दुरुस्ती मला अत्यंत न्याय्य वाटते. किक अप्रत्यक्ष असेल, म्हणजे तिच्यावर थेट गोल धरला जात नसेल, तर पंचाचा हात वर असतो. चेंडू दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत, खेळाबाहेर जाईपर्यंत वा थेट गोल होणे शक्य नाही हे स्पष्ट होईपर्यंत तो खाली येत नाही. पुढच्या सामन्यात तो हात अवश्य पाहा.