अर्ध्या दिवसाची चाल : उतारवयातील साहस आणि युइचिरो मिउरा

उतारवयातील प्रवासाचा प्रश्न आपल्याकडे बहुधा दोन टोकांमध्ये अडकून पडतो. मन तरुण असले की वय आड येत नाही, असा धीर एका बाजूने दिला जातो, तर दुसऱ्या बाजूने ‘या वयात कशाला ही दगदग’ असे म्हणून विषयच बंद केला जातो. आणि या दोन्ही भूमिकांमध्ये ज्या शरीराला प्रत्यक्ष प्रवास करायचा असतो, त्याची नीट विचारपूस होत नाही. वास्तविक गुडघ्याची झीज, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार या गोष्टी अंतर, उंची, ऋतू आणि खर्च यांच्याप्रमाणेच प्रवासाच्या आराखड्यात धरायच्या असतात, आणि त्या प्रामाणिकपणे धरल्या तर पुष्कळदा प्रवास रद्द करावा लागत नाही, त्याची रचना मात्र मुळापासून बदलावी लागते. ही रचना कशी बदलते, किती बदलते आणि कोठे थांबते, हे समजून घेण्यासाठी जपानचे स्कीपटू व गिर्यारोहक युइचिरो मिउरा यांच्या आयुष्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

१९३२ साली जपानच्या उत्तरेकडील आओमोरी प्रांतात जन्मलेले मिउरा तरुणपणी वेगासाठी प्रसिद्ध होते. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जाण्याच्या स्की या खेळात त्यांनी १९६४ मध्ये इटलीत ताशी सुमारे १७२ किलोमीटर वेगाचा विक्रम केला आणि १९७० मध्ये एव्हरेस्टच्या साउथ कोल या खिंडीवरून, म्हणजे जवळजवळ ८,००० मीटर उंचीवरून, वेग आवरण्यासाठी पाठीला पॅराशूट बांधून ते खाली घसरले. त्या मोहिमेवरील माहितीपटाला पुढे ऑस्कर पुरस्कार मिळाला. मात्र साठी ओलांडेपर्यंत हाच माणूस स्थूल झाला होता, रक्तदाब आणि मधुमेह यांनी त्याला गाठले होते आणि हृदयाचे ठोके अनियमित पडू लागले होते. सापोरो शहरालगत मोइवा नावाचा अवघ्या ५३१ मीटर उंचीचा डोंगर आहे. वयाच्या पासष्टीच्या सुमारास मिउरांना तोही पूर्ण चढवेना. नव्वदीतही स्की करणारे त्यांचे वडील केइझो या काळात डोळ्यांसमोर होते, आणि याच वडिलांनी पुढे २००३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, आल्प्समधील माँ ब्लाँच्या हिमनदीवरून स्की केली. सत्तराव्या वर्षी एव्हरेस्ट चढण्याचा मिउरांचा निश्चय या पार्श्वभूमीवर झाला.

या निश्चयापेक्षा त्यामागील तयारी सामान्य वाचकाला अधिक उपयोगाची आहे. मिउरांनी घोट्यांना वजने बांधून आणि पाठीवर जड पिशवी घेऊन रोजचे चालणे सुरू केले, आणि वजने अगदी थोडी ठेवून ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढवत नेली. शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात मोठे शहाणपण होते. श्रमाच्या वेळी शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, या क्षमतेवर माणसाचा दम अवलंबून असतो, आणि ही क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटत जाते. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही घट बरीच मंदावते. स्नायूंचेही तसेच आहे. वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान आणि बळ कमी होण्याच्या प्रक्रियेला वैद्यक सार्कोपेनिया म्हणते, साठीनंतर तिचा वेग वाढतो, परंतु वजनाच्या व्यायामाला सत्तरी-ऐंशीतील स्नायूही प्रतिसाद देतात, हे आता निर्विवाद आहे. हरवलेले तारुण्य त्यातून परत येत नसले, तरी प्रवासासाठी लागणारी किमान शिदोरी पुन्हा जमवता येते, आणि त्यासाठी निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस पुरत नाहीत, काही महिने किंवा मिउरांप्रमाणे काही वर्षे द्यावी लागतात.

२००३ मध्ये सत्तराव्या आणि २००८ मध्ये पंचाहत्तराव्या वर्षी मिउरा एव्हरेस्टवर पोहोचले. त्यानंतर २००९ मध्ये स्की करताना झालेल्या अपघातात त्यांच्या कमरेचे आणि मांडीचे हाड मोडले. ठोक्यांच्या अनियमिततेवरही त्यांना पुन्हापुन्हा उपचार घ्यावे लागले. हृदयातील विद्युत्संदेश भलत्या मार्गाने धावू लागले की ठोके बेताल होतात, आणि अशा वेळी रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन बिघाड करणारा पेशींचा छोटासा भाग निकामी करतात. अशा उपचारांपैकी एक २०१३ च्या जानेवारीत झाला आणि त्याच वर्षीच्या २३ मे रोजी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, मिउरांनी तिसऱ्यांदा एव्हरेस्ट गाठले.

हे कसे शक्य झाले, याचे उत्तर त्या मोहिमेच्या वेळापत्रकात आहे. इतर गिर्यारोहक एका दिवसात जेवढी वाट चालतात, तिचे त्यांनी दोन भाग केले. रोज साधारण अर्धा दिवस चालायचे आणि उरलेला अर्धा दिवस जेवण, झोप व विश्रांती यांसाठी राखायचा, असा नियम त्यांनी ठरवला. वरच्या टप्प्यातही नेहमीच्या छावण्यांखेरीज सुमारे ८,५०० मीटरवर एक जादा छावणी लावण्यात आली, ज्यामुळे शिखराचा शेवटचा दिवस आखूड झाला. सोबत मुलगा गोता होता, मोहिमेत डॉक्टर होते आणि शेर्पांचा मोठा आधार होता. म्हाताऱ्या शरीराची एका दिवसाची कुवत घटली असली, तरी जास्त दिवस देऊन तेवढीच वाट तोडता येते, हे या आखणीमागील साधे गणित होते. उतारवयातील प्रवासासंबंधी जी काही सूत्रे सांगितली जातात, त्यांपैकी सर्वाधिक महत्त्व याच सूत्राला द्यावे लागते.

उंचीवर तर या सूत्राला पर्यायच नाही. समुद्रसपाटीपासून वर जाताना हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, सुमारे २१ टक्के, राहते; मात्र हवेचा दाब घटत गेल्याने प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत शिरणारा प्राणवायू कमी होतो. ३,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोन-तृतीयांश आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर एक-तृतीयांश असतो. शरीर श्वास वाढवून, ठोके वाढवून आणि पुढे रक्तातील बदल घडवून या तुटवड्याशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. ते दिले नाहीत तर डोकेदुखी, मळमळ आणि निद्रानाश यांपासून सुरुवात होऊन क्वचित फुप्फुसांत पाणी साठणे किंवा मेंदूला सूज येणे अशा जीवघेण्या अवस्थेपर्यंत मजल जाते. म्हणून ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी राहावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे : नुसत्या वयामुळे हा उंचीचा आजार अधिक होतो असे आढळलेले नाही, आणि ज्येष्ठांना खरा धोका असतो तो आधीपासूनच्या हृदयविकाराचा, फुप्फुसांच्या विकाराचा व थकवा अंगावर काढण्याच्या सवयीचा.

मिउरांची ऐंशीव्या वर्षीची मोहीम निर्दोष मात्र नव्हती. उतरताना ते इतके थकले की सुमारे ६,५०० मीटरवरील छावणीतून त्यांना हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. उतार हा चढणीपेक्षा सोपा, ही समजूत वृद्धांच्या बाबतीत विशेष घातक ठरते, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार तोलत असतात, गुडघ्यांवर जोर येतो, आणि थकव्याने तोल जाण्याचा संभव नेमका याच वेळी वाढलेला असतो. त्याच सुमारास सर्वांत वयस्कर एव्हरेस्टवीर कोण, याची चढाओढही रंगली होती. २००८ मध्ये मिउरांच्या एक दिवस आधी, वयाच्या ७६ व्या वर्षी, शिखर गाठणारे नेपाळचे मिन बहादुर शेरचन हा विक्रम परत मिळवण्यासाठी २०१७ मध्ये पुन्हा निघाले आणि वयाच्या ८५ व्या वर्षी बेस कॅम्पवरच मरण पावले. त्यांच्या जिद्दीविषयी आदर बाळगूनही असे म्हणावेच लागते की विक्रमाचा आकडा एकदा प्रवासाचे प्रयोजन बनला की शरीराच्या सूचना ऐकण्याची मोकळीक उरत नाही.

या दृष्टीने मिउरांची २०१९ मधील फसलेली मोहीम त्यांच्या यशांपेक्षा मोलाची मानावी लागेल. वयाच्या ८६ व्या वर्षी ते दक्षिण अमेरिकेतील ६,९६१ मीटर उंचीच्या अकोन्काग्वावर निघाले होते, पण सुमारे ६,००० मीटरवर सोबतच्या डॉक्टरांनी हृदयावरील ताण पाहून त्यांना थांबण्यास सांगितले. आपण पुढे जाऊ शकू असे मनातून वाटत असतानाही त्यांनी तो निर्णय मानला; मुलगा शिखरावर गेला आणि ते परतले. परत फिरण्याचा अधिकार कोणाचा, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असणे किती आवश्यक असते, हे येथे दिसते. ऐन वेळी, दमलेल्या अवस्थेत आणि ध्येय समोर दिसत असताना, प्रवाशाचा स्वतःचा निर्णय भरवशाचा राहत नाही.

पुढच्याच वर्षी मानेच्या मणक्यांत रक्तस्राव होऊन मिउरांच्या हातापायांची हालचाल दुबळी झाली, आणि तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, ते ३,७७६ मीटर उंचीच्या फुजी पर्वताच्या माथ्यावर पोहोचले. या वेळी ते डोंगरवाटेसाठी बनवलेल्या चाकाच्या खुर्चीत बसले होते आणि मित्र व सहकारी ती तीन दिवस ओढत-ढकलत वर नेत होते. दुसऱ्याच्या आधाराने केलेला प्रवास हा खरा प्रवासच नव्हे, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा, कारण आधार स्वीकारण्यासाठी लागणारे मनोबल तरुणपणी ताशी १७२ किलोमीटर वेगाने घसरण्यासाठी लागणाऱ्या मनोबलापेक्षा कमी प्रतीचे खचितच नाही. एव्हरेस्ट चढणारी जगातील पहिली महिला जुन्को ताबेई यांनीही कर्करोगाशी झुंजत असताना २०१६ च्या जुलैमध्ये भूकंपग्रस्त तोहोकु भागातील शाळकरी मुलांसोबत फुजीची वाट धरली. माथ्याच्या बऱ्याच खाली त्या थांबल्या, मुले वर गेली, आणि तीन महिन्यांनी, वयाच्या ७७ व्या वर्षी, ताबेई निवर्तल्या.

रोज थोडे आणि सोबतीच्या आधाराने चालण्याची ही रचना महाराष्ट्राला अपरिचित नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची आषाढी वारी साठी-सत्तरीतील असंख्य स्त्रीपुरुष पायी करतात, आणि ते त्यांना साधते याचे श्रेय भक्तीइतकेच तिच्या आखणीलाही आहे : रोजची मजल ठरलेली असते, मधे विसावे असतात, पुणे-सासवडसारख्या ठिकाणी जादा मुक्काम असतो, सामान दिंडीच्या ट्रकमध्ये असते आणि कोणीही एकटे चालत नाही. याउलट चारधाम किंवा लेहच्या सहलींत मुंबई-पुण्याचे ज्येष्ठ प्रवासी हीच शिस्त सोडून देतात. समुद्रसपाटीवरून सकाळी विमानात बसून दुपारच्या आत ३,५०० मीटरवरील लेहला उतरायचे आणि दुसऱ्याच दिवशी त्याहून उंच खिंडीकडे निघायचे, किंवा गौरीकुंडपासूनची सुमारे सोळा किलोमीटरची चढण टाळण्यासाठी हेलिकॉप्टरने काही मिनिटांत ३,५८० मीटरवरील केदारनाथला पोहोचायचे, यात पायांचे श्रम वाचतात, पण फुप्फुसांना आणि हृदयाला हवे असलेले दिवस मिळत नाहीत. सुट्टीचे दिवस मोजून आखलेल्या तरुणांच्या वेळापत्रकात निवृत्त माणसाने स्वतःला कोंबण्याचे कारण नाही, कारण वेळ हीच त्याच्याजवळची सर्वांत मोठी सवलत असते.

उंची नसलेल्या प्रवासातही काही गोष्टी वयाशी निगडित असतात. वाढत्या वयात तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने पाणी प्यावे लागते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा हृदयविकारामुळे पाण्यावर घातलेले बंधन असेल, तर किती प्यावे हे डॉक्टरांकडून आधीच जाणून घ्यावे. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या ठोके वाढू देत नाहीत, त्यामुळे नाडी संथ आहे म्हणून श्रम कमी झाले असा अंदाज बांधू नये. चार तासांपेक्षा अधिक वेळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात, मग तो विमानाचा असो वा बसचा, पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो मुळात अल्प असला, तरी नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी किंवा पूर्वी गुठळी झालेल्यांनी त्याचा निघण्यापूर्वीच विचार केला पाहिजे, आणि सर्वांनीच अधूनमधून उठून चालले पाहिजे. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात न टाकता हातातील पिशवीत ठेवावे, औषधे परतीच्या तारखेनंतरही काही दिवस पुरतील इतकी घ्यावीत, आणि प्रवासविमा काढताना पूर्वीपासूनचे आजार लपवू नयेत, कारण लपवलेल्या आजाराचा खर्च विमा कंपनी नाकारू शकते.

साहसासाठी हिमालयच हवा असेही नाही. महाराष्ट्रात पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि आयुष्यभर न पाहिलेला जिल्हा एसटीने गाठून दोन दिवस मुक्काम करून परतणे, हे कृत्रिम गुडघा बसवलेल्या माणसासाठी पुरेसे साहस असू शकते. घरातील ज्येष्ठांनी असा विषय काढला, तर मुलांनी वयाची आठवण करून देण्याऐवजी त्यांच्यासोबत बसून आराखडा करावा : दिवस दुप्पट धरावेत, डॉक्टरांना ठिकाण आणि त्याची उंची सांगून सल्ला घ्यावा, सोबत कोण जाईल हे ठरवावे, आणि परत फिरण्याचा शब्द कोणाचा चालेल हेही निघण्यापूर्वी पक्के करावे.