दातांनी डोंगर चढणारी आगगाडी

बारामती ते दौंड हा लोहमार्ग एंजिनाला मोठा सुखाचा. नीरा डाव्या कालव्याचे पाणी ज्या सपाट मुलखातून संथ वाहते, त्याच मुलखातले हे रूळ. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणवरून सोलापूरकडे जाणारा मार्गही तसाच. पण मुंबईहून आपल्याकडे येणाऱ्या लांब गाड्यांपैकी बऱ्याच गाड्या कर्जतला थांबतात आणि तेथे त्यांच्या पाठीमागे आणखी दोन-तीन एंजिने जोडली जातात. ही एंजिने गाडीला मागून रेटत बोरघाट चढवतात आणि मग सोडून देतात.

पुढच्या एंजिनाची शक्ती कमी पडते म्हणून हे करतात, असे उत्तर वर्गात नेहमी मिळते. ते अर्धेच खरे आहे. पुष्कळदा शक्ती शिल्लक असते, पण चाक जागच्या जागी गरगर फिरू लागते. अडचण घसरण्याची असते.

थोडे गणित करू. बोरघाटातला सर्वांत तीव्र चढ ३७ स १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. अशा चढावर गाडीला मागे ओढणारे बल तिच्या वजनाच्या सदतिसाव्या हिश्शाइतके असते. एंजिन १२० टनांचे आणि डबे १,२०० टनांचे धरले, तर एकूण वजन १,३२० टन. त्याला ३७ ने भागा. सुमारे ३६ टन वजनाइतके बल रुळांवर लावावे लागेल. आता चाक रुळाला किती घट्ट धरू शकते ते पाहा. कोरड्या पोलादावर पोलादाचा घर्षणांक साधारण ०.२५ धरू. १२० टनांच्या एंजिनाला त्यातून मिळतात ३० टन. पावसाने रूळ ओले झाले आणि घर्षणांक ०.१ वर आला, की उरतात फक्त १२. एंजिनात हवी तेवढी अश्वशक्ती भरा, चाक ३० टनांच्या वर एक किलोही ओढणार नाही!

मागे तशीच दोन एंजिने लावली की तिघांची पकड कोरड्या रुळावर ९० टन होते आणि गरज ४२ टनांची. ओल्या रुळावर मात्र पकड ३६ टनच भरते. म्हणून एंजिनाला वाळूच्या पेट्या असतात. चाकापुढे चिमूटभर वाळू पडली की पकड पुन्हा वाढते. इतक्या मोठ्या यंत्राचे काम शेवटी वाळूवर अडावे, याची मला नेहमी गंमत वाटते.

हे तुम्ही घरी करून पाहू शकता. ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी घ्या, तिच्या टोकावर एक नाणे ठेवा आणि ते टोक हळूहळू उचला. नाणे ज्या क्षणी घसरेल तेव्हा टोक किती सेंटिमीटर वर होते ते मोजा. त्या उंचीला ३० ने भागले की घर्षणांक जवळपास मिळतो. मग पट्टीला तेलाचे बोट लावून तोच प्रयोग पुन्हा करा.

चाक घसरणार ही भीती आगगाडीइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन ब्लेंकिन्सॉप याने १८१२ साली कोळशाच्या खाणीच्या मार्गावर रुळाच्या कडेला दाते बसवले आणि एंजिनाला दातेरी चाक दिले. पुढच्याच वर्षीच्या ‘पफिंग बिली’ने गुळगुळीत चाकेही मजेत चालतात हे दाखवले आणि सपाट जमिनीवरचे दाते मागे पडले. दात्यांची खरी जागा डोंगरावर होती. अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर १८६९ साली आणि स्वित्झर्लंडमधल्या रिगी पर्वतावर १८७१ साली दातेरी रेल्वे चढल्या. आपला बोरघाट त्याआधीच, १८६३ साली, खुला झाला होता. तेव्हाच्या अभियंत्यांनी डोंगराच्या अंगाने लांब वळणे घेऊन सुमारे २५ किलोमीटरांत साडेपाचशे मीटर उंची गाठली. वाटेत खंडाळ्याजवळ गाडीची दिशाच उलटी करावी लागे. ती उलटापालट १९२९ साली नव्या मार्गामुळे बंद झाली.

माथेरानची छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. तिच्या मार्गावर २० स १ इतका चढ आहे, तरी तेथे दाते नाहीत. रूळ फक्त दोन फूट रुंदीचे, डबे हलके आणि वळणे नागमोडी, एवढ्यावर भागले.

निलगिरीत मात्र भागले नाही. मेट्टुपाळयम ते कुन्नूर ही वाट १८९९ साली सुरू झाली आणि १९०८ साली उटीपर्यंत गेली. त्यातल्या कल्लार ते कुन्नूर या सुमारे २० किलोमीटरांत गाडी जवळजवळ १,३०० मीटर चढते. सर्वांत तीव्र चढ १२ स १ च्या आसपास. येथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आहेत. भारतातली ही एकमेव दातेरी रेल्वे.

ती चालते कशी? आपल्या भागात याचे उत्तर साखर कारखान्यात मिळते. भवानीनगरच्या किंवा माळेगावच्या कारखान्यात ऊस गव्हाणीत पडतो आणि तेथून उतरंडीवरून वर चरकांकडे जातो. त्याला वर नेणाऱ्या पट्ट्या साखळीला जोडलेल्या असतात आणि साखळी दातेरी चाकावर फिरते. साध्या पट्ट्याने हे काम केले असते, तर रसाने ओले झाल्यावर तो सटकला असता. दाता साखळीच्या कडीत अडकतो, त्याला घर्षणाची मनधरणी करावी लागत नाही. आता ही साखळी ताठ करून जमिनीवर खिळली आणि दातेरी चाक गाडीखाली बसवले अशी कल्पना करा. चाक फिरले की गाडीच पुढे सरकेल.

निलगिरीतली पद्धत स्विस अभियंता रोमान आब्ट याची. त्यात दोन दातेरी पट्ट्या शेजारीशेजारी असतात आणि एकीचा दाता दुसरीच्या खाचेसमोर येतो. त्यामुळे एक दाता सुटत असताना दुसरा पकडलेला असतो व धक्का बसत नाही. तेथील वाफेच्या एंजिनांना चार सिलिंडर आहेत. दोन साध्या चाकांसाठी, दोन दातेरी चाकांसाठी.

या गाडीत एंजिन नेहमी उताराच्या बाजूला असते. चढताना मागून ढकलते, उतरताना पुढे राहून गाडी अंगावर झेलते. जोड तुटला तरी डबे एंजिनावरच येऊन टेकतात. माझ्या मते दात्यांचा मोठा उपयोग चढताना नव्हे, उतरताना आहे. चढताना घसरलेली गाडी फार तर थांबेल. उतरताना ब्रेकने चाके जखडली आणि रूळ ओले असले, तर गाडी घसरगुंडीवरच्या मुलासारखी खाली जाईल.

फ्रान्समधल्या लियाँ शहरात तर मेट्रोच दातेरी आहे. क्रुआ-रूस ही तेथली रेशीम विणकरांची टेकडी. तिच्यावर १८९१ पासून दोराने ओढलेली गाडी चालत असे. १९७४ साली दोर काढून दातेरी मार्ग केला. तो १९७८ साली शहराच्या मेट्रोला जोडला आणि १९८४ साली पुढे वाढवला. चढ शंभर मीटरला सुमारे १७ मीटर. वाटेतल्या एका स्थानकाचा फलाटसुद्धा उतरता आहे! अशा गाडीचे प्रत्येक चाक मोटरने फिरवले, तरी नुसते चढायला ०.१७ घर्षणांक लागेल. ओल्या रुळाचा ०.१ आठवा. येथे घोड्यामागून घोडा जुंपून उपयोग नाही, कारण प्रत्येक घोडा स्वतःच घसरणार.

मग बोरघाटातच दाते का नकोत? पहिले कारण, दाते शक्ती देत नाहीत. गाडी साडेपाचशे मीटर उचलायला जे कार्य करायचे, ते दात्यांनीही तेवढेच करावे लागते. दुसरे, वेग. निलगिरीची गाडी दात्यांवर ताशी १३ किलोमीटरच्या आसपास चालते. तिसरे म्हणजे वजन. आपली १,३२० टनांची गाडी १२ स १ चढावर घातली, तर दात्यांवर ११० टनांचा रेटा येईल. दिवसरात्र धावणाऱ्या गाड्यांखाली ते दाते किती टिकतील?

त्यापेक्षा दुसरा उपाय २०२३ साली सुरू झालेल्या मुंबई–सोलापूर वंदे भारत गाडीत दिसतो. तिचे निम्मे आस मोटरने फिरतात, म्हणजे निम्म्या गाडीचे वजन पकडीच्या कामी येते. ३७ स १ चढाला तिला ०.०५४ एवढाच घर्षणांक पुरतो. ओला रूळसुद्धा याच्या जवळजवळ दुप्पट देतो. कर्जतला मागे एंजिन न जोडता ती घाट चढते आणि पुढे भिगवणवरून निघून जाते.