टीव्हीचे पॅक आणि ओटीटी : गठ्ठा सुटतो की नव्याने बांधला जातो?

बेंगळुरूमध्ये केबलचा किंवा डीटीएचचा कन्नड पॅक घेतला, तर घरातल्या मराठी आजीसाठी मराठी चॅनेल वेगळे घ्यावे लागतात. उलट पॅकमधले कितीतरी चॅनेल त्या घरात कधी लागतही नाहीत, पण पैसे त्यांचेही जातात. असे पॅक का तयार होतात आणि ओटीटी आल्यावर त्यांचे काय होत आहे, हे या पाठात पाहू.

१. पॅक का बनतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिले कुटुंब क्रीडा चॅनेलसाठी महिना १९ रुपये आणि मालिकांच्या चॅनेलसाठी ६ रुपये द्यायला तयार आहे. दुसऱ्या कुटुंबाचे नेमके उलटे आहे : क्रीडा ६, मालिका १९.

कंपनीने प्रत्येक चॅनेल १९ रुपयांना सुटा विकला, तर दोन्ही कुटुंबे एकेकच चॅनेल घेतील. जमा होतील ३८ रुपये. किंमत ६ रुपये ठेवली, तर दोघेही दोन्ही घेतील, पण जमा होतील फक्त २४ रुपये. आता दोन्हींचा पॅक २५ रुपयांना ठेवा. दोघेही तो घेतील आणि जमा होतील ५० रुपये.

उपग्रहावरून एकदा सोडलेला सिग्नल एका घराने पाहिला काय किंवा लाखो घरांनी पाहिला काय, प्रसारणाचा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून जास्तीचा चॅनेल पॅकमध्ये घालणे कंपनीला परवडते.

२. सुटे चॅनेल घेण्याचा हक्क

ट्रायची नवी दररचना फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकांना लागू होऊ लागली. प्रत्येक सशुल्क चॅनेलची सुटी किंमत जाहीर करणे बंधनकारक झाले. १०० चॅनेलपर्यंतचे नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे १५३ रुपये ठरले. आता सुटे चॅनेल निवडता येणार होते. मात्र प्रसारकांनी पॅकवर ७० टक्क्यांपर्यंत सूट दिल्याचे ट्रायला आढळले. सुटे चार चॅनेल घेण्यापेक्षा मोठा पॅक स्वस्त पडत असेल, तर निवडीचा हक्क कागदावरच राहतो. पुढे या सवलतीवर मर्यादा घालण्यात आली.

३. इंटरनेटने काय बदलले?

केबलमध्ये आणि उपग्रहावर जागा मर्यादित असते. एखादा चॅनेल कोणी पाहो न पाहो, त्याची जागा अडून राहते. त्यामुळे ज्या भाषेचे प्रेक्षक त्या भागात कमी, तिचे चॅनेल मागे पडतात.

ओटीटीमध्ये मागणी आली तरच प्रवाह सुरू होतो. बेंगळुरूतल्या एकाच घराने मराठी मालिका मागितली, तरी ती मिळते. शेजारी किती मराठी घरे आहेत, याला महत्त्व राहत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा : इथे प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो, म्हणून प्रेक्षक वाढले की सर्व्हर आणि डेटाचा खर्चही वाढतो.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०२० च्या अखेरीस सशुल्क डीटीएचचे सुमारे ७ कोटी सक्रिय ग्राहक होते. मार्च २०२५ मध्ये ते सुमारे ५.७ कोटी उरले. सगळेच ओटीटीकडे गेले असे मात्र समजू नका. काही घरे डीडी फ्री डिशसारख्या मोफत सेवेकडेही वळली.

४. गठ्ठा पुन्हा बांधला जातो

पॅक टिकवून धरणारी मोठी गाठ म्हणजे क्रिकेट. २०२३ ते २०२७ च्या आयपीएलसाठी भारतातील टीव्हीचे हक्क डिस्ने स्टारने आणि डिजिटल हक्क व्हायकॉम १८ ने घेतले. दोन्हींची किंमत २३,५०० कोटी रुपयांच्या वर होती. २०२३ ची स्पर्धा जिओसिनेमावर मोफत दिसली, तेव्हा केवळ क्रिकेटसाठी पॅक घेण्याचे कारण उरले नाही.

पण नोव्हेंबर २०२४ मध्ये हे दोन्ही व्यवसाय एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले. टाटा प्ले बिंजसारख्या सेवा अनेक ओटीटी एकाच वर्गणीत देतात. मोबाइलच्या रिचार्जबरोबरही ओटीटी मिळते. पहिल्या भागातले गणित पुन्हा लावून पाहा, ते इथेही जुळते. तंत्र बदलले, पण पॅक बांधण्यामागचा हिशेब तोच राहिला. बदलला तो पॅक बांधणारा : पूर्वी प्रसारक आणि केबलचालक, आता त्यांच्या जोडीला ओटीटी आणि दूरसंचार कंपन्या.

यात ग्राहकाने एक गोष्ट गमावली आहे. ट्रायची दररचना केबल आणि डीटीएचला लागू आहे, ओटीटीला नाही. आजीला एकच मराठी मालिका हवी असेल, तर तेवढीच सुट्या किमतीत मागण्याचा हक्क तिला ओटीटीवर नाही. शिवाय ब्रॉडबँडचा खर्च वेगळाच.

स्वाध्याय

१. तुमच्या घरचे केबल किंवा डीटीएच, ब्रॉडबँड आणि ओटीटी यांचे महिन्याचे पैसे एकत्र मांडा. प्रत्यक्ष पाहिल्या जाणाऱ्या चॅनेलची सुटी किंमत त्याशेजारी लिहा.

२. पहिल्या उदाहरणात दोन्ही कुटुंबांची आवड सारखीच (क्रीडा १९, मालिका ६) धरा. पॅकमुळे कंपनीचा फायदा होतो का, ते तपासा.