रेंज नसलेली रात्र

तारकर्लीच्या ट्रिपमध्ये थ्रिलर म्हणून लावलेला ‘नॉट अ लव्ह स्टोरी’ आमच्या ग्रुपला भलत्याच कारणासाठी लक्षात राहिला...

डिसेंबरात सेमिस्टर संपली आणि आम्ही सहा जण तारकर्लीला धडकलो. मालवणपासून अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर, पण तेवढ्यात मोबाइलच्या कांड्या एकेक करून गायब. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांआड लपलेली घरं. त्यातल्याच एका घरी आमची राहायची सोय होती. ‘रेंज नाही’ म्हणून आम्ही पाच जण खूश. सहावी मात्र बॅग खाली ठेवायच्या आधीच फोन उंच धरून अंगणभर फिरत होती. ‘त्याला पोचल्याचं कळवायचंय गं. नाहीतर चिडतो.’

तो म्हणजे तिचा बॉयफ्रेंड. ‘जाम पझेसिव्ह आहे,’ असं ती नेहमी सांगायची. थोडं तक्रारीनं, बरंचसं कौतुकानं. आम्हीही हसून सोडून द्यायचो.

रात्री बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी हाणून ओट्यावर लॅपटॉप उघडला. एकानं रामगोपाल वर्माचा ‘नॉट अ लव्ह स्टोरी’ डाउनलोड करून आणला होता. माही गिल, दीपक डोब्रियाल आणि अजय गेही. समुद्राची गाज, अंधार आणि मर्डर मिस्टरी. अजून काय पाहिजे?

पण ही मिस्टरी नाहीच. खून कोणी केला हे आपल्या डोळ्यांसमोर घडतं. अनुषा हिरॉइन व्हायला मुंबईत आलेली. तिचा बॉयफ्रेंड रॉबिन लांब आपल्या गावी, आणि त्याला तिचं हे मुंबईत राहणंच खुपतंय. फिल्म लाइनमधला आशिष तिला काम मिळवून देतो, दोघं जवळ येतात. एका सकाळी रॉबिनचा फोन येतो आणि त्याला मागून पुरुषाचा आवाज ऐकू येतो. तो तडक मुंबई गाठतो. दार उघडतं आणि काही मिनिटांत आशिष मेलेला असतो. त्यानंतर सिनेमा खरा काळाकुट्ट होतो. फ्लॅटमध्ये दोघंच, समोर मृतदेह. काल भविष्याची स्वप्नं बघणारी ही जोडी आता पिशव्या, चाकू आणि रक्त पुसायचे फडके यांचा हिशोब करत बसते. कॅमेरा इतका अंगावर येतो, की आपणही त्या खोलीत कोंडल्यासारखे होतो.

आम्ही श्वास रोखून बघत होतो. ताटं आवरायला आलेल्या घरच्या काकी मध्येच दाराला टेकून उभ्या राहिल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, ‘तेचो फोन इलो काय तां चेडू दचकता कित्याक? मायेच्या माणसाचो फोन इलो तर कोण दचकता काय?’

कोणी काही बोललं नाही. सहावीनं मांडीवरचा फोन उलटा करून ठेवला.

खरी घटना, दोन शिक्षा

हा सिनेमा हवेतून आलेला नाही. मे २००८मध्ये मुंबईत, मालाडच्या एका फ्लॅटमध्ये टीव्ही क्षेत्रात काम करणाऱ्या तरुणाचा खून झाला. आरोपी होते एक होतकरू अभिनेत्री आणि तिचा नौदलात अधिकारी असलेला मित्र. त्या वेळी पेपर आणि चॅनेल्सनी या बातमीचा अक्षरशः कीस पाडला. २०११च्या जुलैमध्ये शिक्षा सुनावली गेली. त्याला सदोष मनुष्यवधासाठी १० वर्षं, तर तिला पुरावा नष्ट केल्याबद्दल ३ वर्षं, आणि तेवढा काळ तिनं आधीच तुरुंगात काढला होता. १९ ऑगस्टला, म्हणजे निकालानंतर दोन महिन्यांच्या आत, हा सिनेमा थिएटरला लागला.

दोन वेगवेगळ्या शिक्षांवरून तेव्हा भरपूर वाद झाले. सिनेमा बघताना तोच प्रश्न आपल्यासमोर येतो. अनुषा नेमकी कोण? गुन्हेगार, साथीदार, की घाबरून त्याच्यामागे फरफटत गेलेली? आमच्या ओट्यावर यावरून रात्री एकपर्यंत भांडण चाललं.

रील्सच्या आधीचे रील्स

धोकादायक जोडी हा सिनेमावाल्यांचा जुना लाडका विषय. अमेरिकेतली बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो ही खरी माणसं. दरोडे आणि खून करत फिरणारी ही दोघं २३ मे १९३४ला पोलिसांच्या गोळीबारात मेली. ती २३ वर्षांची, तो २५चा. त्याच्या आदल्या वर्षी एका धाडीत पोलिसांना त्यांचे न धुतलेले फिल्मरोल सापडले होते. तोंडात सिगार, हातात पिस्तूल घेऊन बॉनी ऐटीत उभी! फोटो पेपरांत छापून आले आणि दोघं स्टार झाली. आजच्या भाषेत ‘कपल गोल्स’. १९६७च्या ‘बॉनी अँड क्लाइड’नं त्या ग्लॅमरवर आणखी पॉलिश चढवलं. ज्यांना त्यांनी मारलं त्यांची नावं मात्र किती जणांना माहीत असतात?

टेरेन्स मॅलिकचा ‘बॅडलँड्स’ (१९७३) त्याहून अंगावर येतो, कारण तो शांत आहे. त्यातली पंधरा वर्षांची होली डायरी वाचावी तशा सपाट आवाजात एकेक खून सांगत जाते. त्यामागेही खरी घटना आहे. १९५८च्या जानेवारीत नेब्रास्कात १९ वर्षांच्या चार्ल्स स्टार्कवेदरनं लागोपाठ खून केले. सोबत त्याची १४ वर्षांची मैत्रीण होती. मी ओलीस होते, हेच ती कायम सांगत आली. कोर्टानं मानलं नाही. त्याला मृत्युदंड झाला, तिला जन्मठेप. १९७६मध्ये ती पॅरोलवर सुटली.

आपल्याकडच्या ‘मकबूल’मध्ये तब्बू आणि इरफानची जोडी अशीच एकमेकांना खेचत खाली जाते. देश बदलतो, काळ बदलतो, पण पटकथेतली एक गोष्ट बदलत नाही. आधी मित्र गळतात, मग घरचे गळतात, मग ‘जगात आपण दोघंच’ उरतो. खून त्यानंतर येतो. आपण थ्रिलर म्हणून बघतो तो शेवटचा भाग. सुरुवातीचा भाग आपल्या कॅन्टीनमध्ये रोज चालू असतो, फक्त त्याला बॅकग्राउंड म्युझिक नसतं. पासवर्ड दे. लोकेशन ऑन ठेव. व्हिडिओ कॉल कर आणि कोण कोण बसलंय ते दाखव.

प्रत्येक संशयी मुलगा खुनी होतो असं अजिबात नाही. मुलीही मुलांचे फोन तपासतात. पण दुसऱ्या दिवशी आम्ही मालवणच्या बाजारात गेलो, रेंज आली आणि सहावीचा फोन थांबायलाच तयार होईना. ६१ मिस्ड कॉल्स. मेसेजेस आधी काळजीचे, मग शिव्यांचे, मग धमकीचे, शेवटी रडण्याचे. तिनं ते आम्हाला पहिल्यांदाच वाचून दाखवले. आम्ही हसलो नाही. ‘पझेसिव्ह’ या शब्दावर इतके दिवस हसत आलो, याची लाज मात्र वाटली.

संध्याकाळी देवबागच्या संगमावर होडीत बसलो. नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी काचेसारखं सपाट दिसत होतं. एकानं विचारलं, ‘इथे पोहू का?’ होडीवाले काका म्हणाले, ‘वरून बघून जाव नको. ओढ खाली असता.’

तिनं ब्रेकअप केलं का, असं तुम्ही विचाराल. सिनेमात असतं तर तिथेच केलं असतं. तिनं फक्त घरी ताईला फोन करून सगळं सांगितलं. आम्ही तिच्या फोनमध्ये महिला हेल्पलाइनचा १८१ आणि पोलिसांचा ११२ नंबर सेव्ह करून दिला. ‘नाही’ सांगूनही मुलीचा पिच्छा पुरवणं, तिच्या ऑनलाइन हालचालींवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८खाली गुन्हा आहे, हेही त्या दिवशी आम्ही सगळ्यांनीच पहिल्यांदा वाचलं.

परतीच्या बसमध्ये कणकवलीच्या अलीकडे तिचा फोन वाजला. ती दचकली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘पाहिलंस? दचकले मी.’

फोन वाजत राहिला. तिनं तो वाजू दिला.