सोन्याचा पाळणा आणि फुकटची हवा

‘जालना सोने का पालना’ ही म्हण जालनेकर आजही अभिमानाने सांगतात. ती पडली भरभराटीच्या व्यापारामुळे. आता गावाचं नाव सळईमुळे आणि बियाण्यांमुळे घेतलं जातं. 2018 मध्ये मुंबईच्या आयसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेचा, म्हणजे जुन्या यूडीसीटीचा, मराठवाडा परिसर जालन्यात सुरू झाला. तेव्हा कुलगुरू होते डॉ. गणपती यादव, आणि घन उत्प्रेरक हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय. त्यामुळे म्हणीतलं सोनं मला हल्ली वेगळ्याच कारणाने आठवतं.

जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीकडचा ऊस गाळला की साखरेबरोबर मळी उरते आणि मळी आंबवली की अल्कोहोल मिळतं. ते गाडीत जाळता येतं, तसंच त्यापासून रसायनंही करता येतात. गोदावरीच्या वरच्या अंगाला, कोपरगाव तालुक्यातल्या साकरवाडीत इथेनॉलपासून रसायनं बनवण्याचा उद्योग आहेच. या वाटेवरची पहिली पायरी बहुतेकदा एकच: अल्कोहोलच्या रेणूतून दोन हायड्रोजन काढायचे. उरतं ते अल्डिहाइड.

अवघड आहे ते नेमकं तिथे थांबणं. अल्कोहोल हवेत पेटवायला काडी पुरते. पण मग हाती येतो फक्त धूर आणि उष्णता. जरा कमी जोर लावला तरी गाडी अल्डिहाइडवर न थांबता आम्लापर्यंत जाते.

जुना उपाय क्रोमियमचा. बेंझिल अल्कोहोलपासून कडू बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड करायचं, तर 324 ग्रॅम अल्कोहोलला हिशेबाने 200 ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड लागतं, शिवाय आम्ल वेगळं. मिळतं 318 ग्रॅम बेंझाल्डिहाइड, आणि बाकीचा विषारी गाळ कुणाच्या तरी विहिरीजवळ जाऊन बसण्याची भीती. हेच काम हवेतल्या ऑक्सिजनकडून करून घेतलं तर 48 ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि मागे उरतं 54 ग्रॅम पाणी. माझ्या मते हा एवढा हिशेबच पुरेसा आहे.

पण हवा आपणहून हे करत नाही. मध्ये उत्प्रेरक म्हणून धातू लागतो. अल्कोहोलचा रेणू धातूच्या पृष्ठभागावर टेकतो, त्याचे दोन हायड्रोजन एकेक करून धातूवर उतरतात आणि अल्डिहाइड सुटून जातं. ऑक्सिजन ते हायड्रोजन उचलून पाणी करतो, की जागा पुन्हा मोकळी. 1817 मध्ये हम्फ्री डेव्हीला दिसलं, की तापवलेली प्लॅटिनमची तार अल्कोहोलच्या वाफेत धरली तर ज्योतीशिवाय लाल राहते. पुढे कारखान्यांनी तुलनेने स्वस्त चांदी घेतली: इथेनॉलची वाफ आणि हवा 500 अंशांच्या वर तापलेल्या चांदीच्या थरातून काढायची. इथे सांभाळावं लागतं ते प्रमाण. हवेत साधारण 3.3 ते 19 टक्के इथेनॉलची वाफ असली की ठिणगीची वाटच पाहायची.

आणि सोनं? ते काहीच करत नाही म्हणून तर आपण ते अंगावर घालतो! पण काही नॅनोमीटरचे कण केले की त्याचा स्वभाव पालटतो. 1998 मध्ये इटलीत प्रती आणि रोसी यांनी कार्बनवर बसवलेलं सोनं अल्कोहोलच्या ऑक्सिडेशनला वापरलं. 2006 मध्ये कार्डिफच्या हचिंग्ज यांच्या गटाने सोनं आणि पॅलेडियमची जोडी टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवली आणि वेगळा द्रावक न घालता अल्कोहोलचं अल्डिहाइड केलं.

घन उत्प्रेरकाची मोठी सोय म्हणजे काम झालं की तो चहापत्तीसारखा गाळून घेता येतो. निदान तसं म्हणतात. प्रत्यक्षात कण तापून एकमेकांना चिकटतात, पॅलेडियमवर आम्लाचा थर बसतो, आणि कधी धातू गुपचूप द्रवात उतरतो. तेव्हा श्रेय घनाला मिळतं आणि काम विरघळलेला धातू करत असतो. ही चोरी पकडायची रीत साधी आहे. अर्ध्या वाटेवर, गरम असतानाच, मिश्रण गाळायचं आणि उरलेला द्रव तसाच तापवत ठेवायचा. अल्डिहाइड वाढत राहिलं, तर धातू गाळणीतून निसटलेला आहे.